पुरलेलें धन आणि वस्तुसंग्रहालयें

वैभववाडीकडील एखाद्या गांवांत घराचा नवा पाया खणला जात आहे, अशी श्रोत्यांनीं क्षणभर कल्पना करावी. खड्डा कमरेइतका खोल झालेला आहे. लाल माती उपसतां उपसतां पहारीचा आवाज एकाएकीं बदलतो. दगडाचा आवाज निराळा आणि धातूचा निराळा. तो ओळखावयास शिक्षण लागत नाहीं. गडी हात थांबवितात, घरधनी पडवींतून उठून येतो, माजघरांतल्या बायका दाराशीं येऊन उभ्या राहतात. अद्याप कोणीं कांहींच पाहिलेलें नाहीं. तरीहि त्या साऱ्यांच्या मनांत त्या क्षणीं एकच शब्द उमटलेला असतो: सोनें!

कोंकणांत पुरलेल्या हंड्याची कथा नाहीं असा गांव विरळा. अमक्या चाफ्याच्या मुळाशीं नाग बसतो, तो धनावर बसतो. तमक्या पडक्या वाड्याच्या जोत्याखालून अवसेच्या रात्रीं हंडे सरकत जातात आणि त्यांच्या कड्यांचा आवाज कोणाच्या तरी आजीनें स्वतः ऐकलेला असतो. या कथांची एक मौज अशी कीं, हंडा केवढा होता हें त्यांत नेमकें सांगितलेलें असतें. तो कोणीं पुरला, केव्हां पुरला आणि पुन्हां उकरून नेण्यास तो कां परत आला नाहीं, हें मात्र सहसा कोणी सांगत नाहीं. वस्तुसंग्रहालयाला जें हवें असतें तें नेमकें हें दुसरें. घरधनी हंड्यांत काय आहे तें विचारतो, आणि संशोधक हंडा कोणत्या थरांत होता तें विचारतो. हे दोन प्रश्न एकाच खड्ड्याच्या कांठावर उभे असतात, आणि बहुतेक वेळां पहिल्याचाच जय होतो.

वैभववाडीपासून खारेपाटण दूर नाहीं. विजयदुर्गच्या खाडीनें आंत येणाऱ्या गलबतांची ही जुनी पेठ. तेथें सांपडलेला एक ताम्रपट शक ९३० मधील, म्हणजे इसवी सन १००८ सालचा आहे. दक्षिण कोंकणावर राज्य करणाऱ्या शिलाहार घराण्यांतील रट्टराज यानें तो कोरविला. एका शिवालयाच्या पूजाअर्चेसाठीं आणि तेथील तपस्व्यांच्या योगक्षेमासाठीं त्यानें गांवें इनाम दिलीं, त्याचा हा लेख. त्यांतच बंदराच्या उत्पन्नाची एक तरतूद आहे: परद्वीपांतून येणाऱ्या प्रत्येक गलबतामागें एक गद्याण सोनें देवाकडे जावें. गद्याण हें त्या काळचें सोन्याचें वजन आणि नाणेंहि. हा ताम्रपट प्रथम वाचून प्रसिद्ध करणारे विद्वान म्हणजे ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर. देवगड तालुक्यांतील पोंभुर्ले हें त्यांचें जन्मगांव. आपल्याच मुलखांतील एक सहस्रकाजवळ पोंचलेला लेख आपल्याच मुलखांतील माणसानें वाचावा, हा योग कांहीं रोज येत नाहीं.

आतां असें पाहा. त्या बंदरांत किती गलबतें आलीं असतील आणि किती गद्याण सोनें देवाच्या पेटींत पडलें असेल! त्या सोन्याचें पुढें काय झालें? तें वितळलें. त्याचीं दुसऱ्या राजाचीं नाणीं झालीं, तीं वितळलीं. त्यांचे दागिने झाले, तेहि मोडले. या जिल्ह्यांतील एखाद्या सासुरवाशिणीच्या मंगळसूत्राच्या वाटींत त्यांतला एखादा कण नसेलच, असें कोणीं छातीठोकपणें सांगावें? सोनें नष्ट होत नाहीं, गंजत नाहीं, पण त्याचें रूप नष्ट होतें. आणि रूपाबरोबर त्याचें नांव, गांव आणि काळहि जातो. तांब्याच्या पत्र्याला सोनाराच्या मुशींत मान नव्हता, म्हणून तो राहिला, आणि नाहींशा झालेल्या सोन्याची साक्ष आज तोच देतो.

हीच गोष्ट घाटापलीकडे अधिक ठळकपणें दिसते. वैभववाडीहून करूळचा घाट चढून गगनबावड्यावरून गेलेला मनुष्य अर्ध्या दिवसाच्या आंत कोल्हापुरास पोंचतो. अंबाबाईचें दर्शन, रंकाळा आणि बाजार झाला म्हणजे बहुतेकांची यात्रा पुरी होते. टाऊन हॉलची इमारत पुष्कळांनीं बाहेरून पाहिलेली असते. गेल्या शतकाच्या आधींच्या शतकांत, १८७० नंतरच्या दशकांत बांधलेली ती टोंकदार मनोऱ्यांची वास्तु. पण तिच्या आंत काय आहे तें पाहणारे थोडे. आंत कोल्हापूरचें वस्तुसंग्रहालय आहे. त्याची स्थापना १९४५–४६ सालची, आणि तिला कारण झाली ती ब्रह्मपुरीची टेकडी.

ब्रह्मपुरी म्हणजे पंचगंगेच्या कांठचें जुनें पांढरीचें टेकाड. पांढरीची माती ज्याला ठाऊक आहे त्याला सांगावयास नकोच कीं, अशी माती म्हणजे एकावर एक वसलेल्या आणि मोडलेल्या घरांची राख. १८७७ सालींच कोल्हापुरांत एका जुन्या स्तूपाच्या पोटांत दगडी पेटी व तींत स्फटिकाची डबी सांपडली होती. तेव्हांपासून या नगराच्या प्राचीनपणाविषयीं जाणत्यांच्या मनांत शंका उरली नव्हती. पुढें १९४४–४५ च्या सुमारास राजाराम कॉलेजांतील प्राध्यापक कुंदणगार यांनीं ब्रह्मपुरीवर खणावयास आरंभ केला. त्यांच्या पाठोपाठ, १९४५–४६ मध्यें, पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे हसमुख सांकळिया आणि मोरेश्वर दीक्षित यांनीं तेथें थराथरानें शास्त्रशुद्ध उत्खनन केलें. त्याचा ग्रंथ १९५२ सालीं प्रसिद्ध झाला. वरच्या थरांत बहामनी काळची वस्ती लागली, खालच्या थरांत सातवाहन काळचीं विटांचीं घरें लागलीं.

त्या सातवाहन वस्तींतील एका घरांत एक ठेवा होता. मोठ्या भांड्यांत दडपून ठेवलेल्या शंभराच्या आसपास वस्तु, आणि साऱ्या तांब्याच्या वा कांशाच्या. सोनें नाहीं. खणणाऱ्या मजुरांची त्या दिवशीं थोडी निराशा झाली असली, तर त्यांना दोष देतां यावयाचा नाहीं. बऱ्याचशा वस्तु इकडच्या घडणीच्या होत्या. त्यांतला पाठीवर माणसें बसलेला छोटासा हत्ती अद्यापहि पाहणाऱ्याला हंसवितो. त्यांतल्या दहाएक वस्तु मात्र परक्या होत्या. एक आरसा होता, मद्य ओतावयाचा सुबक जलपात्रासारखा चंबू होता, ग्रीक पुराणांतील पर्सियस आणि अँड्रोमेडा यांची आकृति उठविलेली एक चकती होती. आणि वीतभराहूनहि कमी उंचीची एक देवमूर्ति होती. दाढी राखलेला, उघड्या अंगाचा, भारदस्त उभा राहिलेला असा हा पुरुष म्हणजे पॉसिडॉन, ग्रीकांचा समुद्रदेव. त्याच्या हातांतला त्रिशूळ आज नाहीं. डौल तेवढा शाबूत आहे.

समुद्राचा हा देव समुद्र सोडून सह्याद्रीच्या माथ्यापलीकडे कसा गेला? त्याचें उत्तर व्यापारांत आहे. इसवी सनाच्या पहिल्या दोन शतकांत रोमन साम्राज्यांतील गलबतें मोसमी वाऱ्यांवर पश्चिम किनाऱ्याच्या बंदरांना लागत. तेथून माल बैलांच्या पाठीवर घाट चढून देशावर जाई आणि देशावरचा माल उतरून बंदरांत येई. रोमन ग्रंथकार प्लिनी यानें तर कुरकूर करून ठेवली आहे कीं, हिंदुस्थान दर वर्षीं रोमचे पांच कोटी सेस्टर्स, म्हणजे त्यांचीं नाणीं, गिळून टाकतो. त्याचा आंकडा तंतोतंत असेल वा नसेल. रोमचें सोनें इकडे येत होतें यांत संशय नाहीं. परंतु तें सोनें सातवाहनांच्या ब्रह्मपुरींत कोणाच्या घरीं किती आलें, हें सांगावयास आज कांहीं साधन नाहीं. जें आलें असेल तें कधींच मुशींतून दुसरीकडे गेलें. कांशाचा पॉसिडॉन तेवढा उभा आहे.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. हीच मूर्ति एखाद्या भंगारवाल्याच्या दुकानांत मिळाली असती, तर तिला काय किंमत होती? एखाद्या साहेबानें विलायतेहून आणलेली शोभेची बाहुली म्हणून ती फार तर कोणाच्या कपाटांत गेली असती. ती विटांच्या कोणत्या घरांत, कोणत्या भांड्यांत, कोणत्या वस्तूंच्या शेजारीं होती, हें लिहून ठेवलेलें आहे, म्हणून ती दोन हजार वर्षांपूर्वींच्या व्यापाराची साक्षीदार झाली. तो ठेवा कोणा व्यापाऱ्याचा माल होता, एखाद्या श्रीमंताच्या हौशीचा संसार होता, कीं वितळविण्यासाठीं जमविलेली मोड होती, हा प्रश्न विचारतां तरी येतो तो या नोंदीमुळेंच. मूर्ति तीच, धातु तोच. नोंद नसती तर ती मुकी राहिली असती.

वस्तूला धातूच्या भावानें मोजलें म्हणजे केवढा अनर्थ होतो, तें पाहावयास दूर अमेरिकेकडे वळावें लागतें. कोलंबस १४९२ सालीं त्या खंडाच्या बेटांना लागला. त्यापूर्वीं शतकानुशतकें तिकडील लोक सोन्याचें अद्भुत काम करीत होते. त्यांच्या लेखीं सोनें म्हणजे सूर्याचें तेज, देवाचा भाग. बाजारांत भाजी घ्यावयाचें नाणें म्हणून त्यांनीं तें कधीं पाडलें नाहीं. स्पेनच्या शिपायांच्या लेखीं मात्र सोनें म्हणजे वजन.

पेरू देशाचा इंका राजा अताहुआल्पा याला पिझारोनें काहामार्का गांवीं १५३२ च्या नोव्हेंबरांत दग्यानें पकडलें. सुटकेसाठीं राजानें कबूल केलें कीं, सुमारें २२ फूट लांब व १७ फूट रुंद अशी एक खोली हात पोंचेल तेथपर्यंत सोन्याच्या वस्तूंनीं भरून देतों, आणि दोन वेळां रुप्यानें. राज्याच्या कानाकोंपऱ्यांतून घागरी, थाळ्या, मंदिरांच्या भिंतींचे पत्रे, देवांचे अलंकार येऊं लागले. पुढच्या वर्षीं भट्ट्या पेटल्या. ज्या सोनारांनीं वा ज्यांच्या वाडवडिलांनीं त्या वस्तु घडविल्या, त्यांच्याच हातून त्या वितळवून विटा पाडविल्या गेल्या. सहा टनांहून अधिक सोनें निघालें. शिपायांना वांटे मिळाले, राजाचा पांचवा हिस्सा निराळा काढला. आणि खंडणी भरूनहि अताहुआल्पाला १५३३ च्या जुलईंत गळा आवळून ठार मारण्यांत आलें. कांहीं निवडक वस्तु न वितळवितां स्पेनला पोंचल्या, लोकांनीं त्या पाहिल्याहि. पण मग बादशहाला युद्धासाठीं पैसा हवा होता, तेव्हां त्याहि भट्टींत गेल्या.

मेक्सिकोहून आलेल्या अशाच कांहीं भेटी जर्मन चित्रकार ड्यूरर यानें १५२० सालीं ब्रुसेल्स येथें पाहिल्या. तो स्वतः सोनाराचा मुलगा, सोनारकी शिकलेला. पुरुषभर रुंदीचा सोन्याचा सूर्य आणि तेवढाच रुप्याचा चंद्र पाहून त्या परक्या कारागिरांच्या बुद्धीनें आपण थक्क झालों, असें त्यानें आपल्या रोजनिशींत लिहून ठेवलें. ती रोजनिशी आहे. तो सूर्य नाहीं. येथेंहि कागद उरला आणि सोनें गेलें.

एवढ्या लुटींतूनहि जें वांचलें तें बहुतेक जमिनींत असल्यामुळें वांचलें. दक्षिण अमेरिकेंतील कोलंबिया देशाच्या राजधानींत, बोगोटा येथें, सोन्याचें एक निराळें संग्रहालय आहे. त्यांत कोलंबसपूर्व काळच्या सोन्याच्या चौतीस हजारांच्या आसपास वस्तु आहेत, आणि तें चालविणारी संस्था म्हणजे त्या देशाची मध्यवर्ती बँक! बँकेला सोनें विटांच्या रूपानें आवडतें, हा जगाचा अनुभव. या बँकेनें १९३९ सालीं एक पात्र विकत घेऊन तें न वितळवितां जपण्याचें ठरविलें, तेथून या संग्रहाला आरंभ झाला. तें पात्र कशासाठीं होतें, हें ऐकून कोंकणांतील वृद्धांना मौज वाटेल. तें चुनाळें होतें. तिकडचे लोक कोका नांवाच्या झाडाचीं पानें चुन्यासह चघळीत. तो चुना ठेवण्याचें हें सोन्याचें भांडें, नऊ इंच उंच, गुळगुळीत आणि कोहळ्यासारखें पोट असलेलें. पानाच्या तबकांतली चुन्याची डबी ज्यांनीं पाहिली आहे, त्यांना तें परकें वाटावयाचें नाहीं.

त्या संग्रहांतील सर्वांत प्रसिद्ध वस्तु म्हणजे सोन्याचा एक तराफा. लांबी जेमतेम वीतभर, वजन पंचवीस तोळ्यांच्या आंतबाहेर. मध्यें उंच असा नायक आणि त्याच्या भोंवतीं लहान लहान माणसें. मुइस्का लोकांचा नवा राजा अंगाला सोन्याची पूड माखून ग्वाताविता सरोवराच्या मध्यावर जाई आणि तेथें सोनें पाण्याला अर्पण करी, अशी कथा होती. त्या कथेच्या लोभानें १५८० च्या सुमारास एका व्यापाऱ्यानें सरोवराचा कांठ कापून पाणी सोडून दिलें. तो छेद अद्याप डोंगरावर दिसतो. कथेंत तथ्य किती, हें मात्र कळेना. अशाच सरोवरांत १८५६ सालीं मिळालेला एक तराफा जर्मनीला रवाना झाला आणि बंदरांत लागलेल्या आगींत गेला. मग १९६९ सालीं पास्का गांवाजवळच्या एका गुहेंत शेतकऱ्यांना मातीच्या पात्रांत हा दुसरा तराफा मिळाला. ते गरीब लोक होते. त्यांनीं तो सोनाराकडे नेला असता, तर पंचवीस तोळे सोन्याचे पैसे मिळून गोष्ट तेथेंच संपली असती. गांवच्या धर्मगुरूच्या मध्यस्थीनें तो संग्रहालयांत पोंचला, आणि चारशें वर्षें जिच्यापायीं डोंगर कापले गेले त्या कथेला प्रथमच डोळ्यांनीं पाहावें असें रूप मिळालें.

या वस्तु केवळ सोन्याच्या नाहींत, हेंहि सांगितलें पाहिजे. त्यांत तांबें पुष्कळ मिसळलेलें असे. तसली मिश्र धातु ओतावयास सोपी, पण रंगानें तांबूस. मग कारागीर ती वस्तु तापवून वनस्पतींच्या आंबट रसानें धुवीत. वरच्या थरांतलें तांबें त्यानें निघून जाई आणि पृष्ठभागीं शुद्ध सोनें चमकूं लागे. आमसुलानें वा चिंचेनें तांब्याचें भांडें उजळणाऱ्या गृहिणीला या युक्तीचें मर्म चटकन् कळेल. ओतण्याची रीतहि आपल्याला ओळखीची आहे. वस्तु आधीं मेणाची करावयाची, तिला मातीचा लेप द्यावयाचा, तापवून मेण वाहूं द्यावयाचें आणि रिकाम्या जागेंत धातूचा रस ओतावयाचा. चालुक्य राजा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकांतील ‘मानसोल्लास’ ग्रंथांत मूर्ति ओतण्याची हीच कृति दिलेली आहे. दोन खंडांतील माणसें एकमेकांना न भेटतां एकाच युक्तीला पोंचलीं. हें कळलें तें वस्तूंचीं रूपें शाबूत राहिलीं म्हणून; विटेकडे पाहून तें कोणाला कळलें असतें?

स्पॅनिश शिपायांना नांवें ठेवणें सोपें आहे. आपल्याकडे काय झालें? १६७४ सालीं रायगडावर शिवाजीमहाराजांचा राज्याभिषेक झाला, तेव्हां त्यांच्या नांवाचा सोन्याचा होन पाडला गेला. एका बाजूस ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’. वजन पाव तोळ्याच्या आंतबाहेर. आज हा होन पाहावयाचा तर मोठ्या संग्रहालयाची पायरी चढावी लागते. तेथेंहि त्याचे नग एका हाताच्या बोटांवर मोजावे. त्याच राजाची तांब्याची शिवराई मात्र एकोणिसाव्या शतकांतहि बाजारांत चालत होती आणि आजहि कित्येक घरांतल्या देव्हाऱ्यांत, जुन्या पितळी डब्यांत ती सांपडते. होन कोणा शत्रूनें लुटून नेऊन वितळविले, असें म्हणून सुटतां यावयाचें नाहीं. लुटींत गेले ते गेले. उरलेले लेकीसुनांचे दागिने करावयास पिढ्यान्‌पिढ्या आपल्याच माणसांनीं सोनाराच्या बागेसरींत टाकले. त्यांत दुष्टपणा नव्हता. अडचण होती, लग्नकार्य होतें आणि ‘छत्रपति’ हीं अक्षरें वाचावयास कोणी थांबलें नव्हतें.

सोनें जागच्या जागीं सांपडून तसेंच टिकल्याचें उदाहरणहि आपल्याकडे आहे. वसईच्या उत्तरेस सोपारें गांवीं एक टेकाड होतें. लोक त्याला बुरुड राजाचा कोट म्हणत. १८८२ सालच्या एप्रिलांत पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तें मधोमध उघडलें, तेव्हां तो कोट नसून विटांचा बौद्ध स्तूप आहे असें दिसलें. त्याच्या पोटांत एक गोल दगडी पेटी होती. तींत अंड्याच्या आकाराचा तांब्याचा करंडा, आणि त्याच्या भोंवतीं आठ लहान बुद्धमूर्ति बसविलेल्या. करंड्यांत चांदीची डबी, तिच्यांत दगडाची, तिच्यांत स्फटिकाची, आणि सर्वांच्या आंत सोन्याची. सोन्याचीं फुलें होतीं, आणि सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णि याचें एक चांदीचें नाणें होतें. सर्वांत आंतल्या सोन्याच्या डबींत काय होतें? खापराचे तुकडे! बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून भाविकांनीं ते जपले होते. ज्या लोकांनीं खापरासाठीं सोन्याची डबी केली, त्यांचा भावच निराळा.

भगवानलाल हे नुसते धन उकरणारे असते, तर सोनें व चांदी निराळी काढून बाकीचें त्यांनीं टाकून दिलें असतें. त्यांनीं कोणती वस्तु कोठें होती तें टिपून ठेवलें. त्या टिपणामुळें एक चमत्कारिक गोष्ट कळली. नाणें इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांतलें, तर भोंवतालच्या मूर्ति आठव्या-नवव्या शतकाच्या सुमाराच्या. म्हणजे तो स्तूप मध्यंतरीं कोणीं तरी भक्तीनें उघडला, मूर्ति ठेवल्या आणि पुन्हां बंद केला. सोन्याला हात न लावतां! तो ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेला.

आतां पुन्हां त्या वैभववाडीकडील खड्ड्यापाशीं यावें. पहार धातूला लागलेली आहे आणि माणसें थांबलेलीं आहेत. त्यांनीं काय करावें, हें १८७८ सालच्या निखात निधीच्या कायद्यानें सांगून ठेवलें आहे. जमिनींत लपविलेली, दहा रुपयांहून अधिक मोलाची कोणतीहि वस्तु मिळाली, तर तिचें स्वरूप, अदमासें किंमत, जागा व दिवस लिहून जिल्हाधिकाऱ्यास कळवावें. चौकशी होते. कोणा मालकाचा हक्क सिद्ध झाला नाहीं आणि निराळा करार नसला, तर शोधणाऱ्याला तीन हिस्से आणि जमिनीच्या मालकाला चौथा हिस्सा मिळावा, असें त्यांत आहे. सरकारनें ती वस्तु संग्रहासाठीं घेतली, तर धातूची किंमत आणि वर तिचा पांचवा भाग द्यावा लागतो. लपविलें तर मात्र हिस्सा जातो आणि एक वर्षापर्यंत कैदहि होऊं शकते. पुढें १९७२ च्या कायद्यानें शंभर वर्षांहून जुन्या वस्तु खासगी रीतीनें परदेशीं नेण्यास बंदी झाली. लपवून विकणाऱ्याला बाजारांत पुरता भाव कधींच मिळत नाहीं; कायदा तर भावावर वीस टक्के देऊं म्हणतो. मग लोक कळवीत कां नाहींत?

भीति हें एक कारण आहे. कचेरीची पायरी चढली कीं हंडाहि गेला आणि वर चौकशीचा ससेमिराहि लागला, असा समज खेड्यांत खोल रुजलेला आहे, आणि तो सर्वस्वीं निराधार आहे असें म्हणण्याचें धाडस कोणी करूं नये. पण दुसरें कारण कायद्याच्या पोटांतच आहे. किंमत धरावयाची ती धातूची. त्या हिशेबानें ब्रह्मपुरीच्या पॉसिडॉनची किंमत कांशाच्या मोडीची. खारेपाटणच्या ताम्रपटाची किंमत तांब्याच्या पत्र्यांची आणि वर तिचा एक पंचमांश. सोपाऱ्याच्या खापरांची किंमत शून्य, आणि शून्याचा पांचवा भागहि शून्यच. संग्रहालयासाठीं वस्तु वांचविणारा कायदा हातांत तराजू धरतो तो सोनाराचाच! शोधणाऱ्याला त्या वस्तूच्या खऱ्या योग्यतेचा कांहीं अंश मिळावा, आणि कपाटांतल्या चिठ्ठीवर वस्तूबरोबर गांवाचें व त्याच्या इच्छेनें त्याचें नांवहि असावें, एवढें झालें तरी पुष्कळ हंडे सोनाराकडे जाण्याऐवजीं तलाठ्याकडे जातील. कित्येक संग्रहालयांतून पाहावें तों चिठ्ठीवर ‘भांडें, तांब्याचें, जुनें’ एवढेंच असतें. असली चिठ्ठी वाचून घरीं परतलेला शेतकरी आपल्या हंड्याविषयीं काय शिकेल?

खड्ड्यावरच्या माणसांसाठीं थोडें व्यवहाराचें सांगणें राहिलें. हंडा दिसला म्हणजे पहिला मोह होतो तो त्याला ओढून बाहेर काढण्याचा, आणि दुसरा चिंच लावून घांसण्याचा. दोन्ही आवरावे. घांसल्यानें हिरवट चढलेली बुरशी जाते आणि तिच्याबरोबर पुसट अक्षरेंहि जातात. हंड्याच्या वरून जमिनीपर्यंतची खोली हातानें वा दोरीनें मोजून लिहून ठेवावी. तो सरळ होता कीं उपडा, शेजारीं वीट होती कीं राख होती, खापरें कोणत्या रंगाचीं होतीं, हेंहि लिहावें. घरांत शाळेंत जाणारें मूल असेल तर त्याच्याकडून चित्र काढवून घ्यावें. आणि हल्लीं छायाचित्राचें यंत्र प्रत्येकाच्या खिशांत असतेंच, तेव्हां तीं चार निरनिराळ्या बाजूंनीं घ्यावीं. आंतली माती ओतून टाकूं नये. त्या मातींत जळकें भाताचें तूस असूं शकतें, वालाचा दाणा असूं शकतो, आणि दाण्यावरून काळ ठरवितां येतो. मग पोलीसपाटलाला वा तलाठ्याला बोलवावें. तो येईपर्यंत खड्ड्यावर झांवळ्या टाकाव्या, कोंकणांत पाऊस केव्हां येईल याचा नेम नसतो, आणि गड्यांना चहा द्यावा. आंत काय आहे तें कोणाला ठाऊक नाहीं. कदाचित् होन असतील. कदाचित् नुसती कांशाची मोड असेल, आणि तिच्या तळाशीं बोटाएवढा एखादा परका देव.